तिनाचे सहा

दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या, की पंधरा दिवसांत आमच्या घरात चिलटं येतात. वेरूळच्या बाजूनं परतताना गाडी थांबवायची, डोळे उघडलेली फळं निवडायची, घरी आणून पिकत घालायची आणि त्यातली दोन हमखास विसरायची. मग एका सकाळी डब्याचं झाकण काढावं, तर चिलटांचा घोळका नाकातोंडात. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळं असलं फळ मला टाकवत नाही. ते काचेच्या बरणीत जातं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं जातं आणि बरणी खिडकीत बसते. "अहो, लोक बरणीत लोणचं घालतात," हे वाक्य मला दर हंगामात ऐकावं लागतं.

आठवड्याभरात बरणीत अळ्या वळवळू लागतात. पोट भरलं की त्या फळ सोडून काचेवर चढतात आणि एका जागी थबकतात. तासाभरापूर्वी पांढरी असलेली अळी बघता बघता तपकिरी, तिळाएवढा कोष होते. हात लावला तरी कोष पडत नाही, कारण अळीनं आपल्याच लाळेतल्या गोंदानं स्वतःला काचेला चिकटवून घेतलेलं असतं. या गोंदाकडे पुन्हा यायचं आहे. कोषात सव्वाचार-साडेचार दिवस जातात. मग टोपण उचकटून एक ओलसर, चुरगळलेली माशी बाहेर पडते, पंख सरळ होईपर्यंत थांबते आणि उडून जाते.

अळीला पंख नव्हते, पायही नव्हते. ती अंग आवळत, सैल सोडत सरपटत होती. चार दिवसांनी बाहेर आलेला प्राणी सेकंदाला सुमारे दोनशे वेळा पंख हलवतो. ही ताकद आली कुठून?

उडायचे मोठे स्नायू माशीच्या छातीत असतात, पण गंमत अशी की ते पंखांना जोडलेले नसतात. ते छातीच्या कवचाला आतून जोडलेले असतात. प्रत्येक बाजूला सहा स्नायू पुढून मागे आडवे आणि सात वरून खाली उभे. उभे आकसले की छातीचं छप्पर खाली दबतं आणि पंख वर जातात. आडवे आकसले की छप्पर कमानीसारखं फुगतं आणि पंख खाली येतात. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं टकटक दाबावं, तसं हे चालतं. एक गट आकसला की दुसरा ताणला जातो आणि ताणला गेल्यामुळंच तो आकसतो, त्यामुळं दर फडफडीला मज्जातंतूंना वेगळा हुकूम द्यावा लागत नाही. मज्जातंतू अधूनमधून टिचकी मारत राहतात, बाकीचं यंत्र स्वतःच चालतं.

हे यंत्र कोषाच्या अंधारात कसं जुळतं, याचा नीट माग जिथं काढला गेला ती जागा आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर आहे. मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी.

टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभांनी १९४५ साली काढली. कुलाब्यातली तिची इमारत १९६२ च्या जानेवारीत नेहरूंच्या हस्ते खुली झाली. गणित, अणू, विश्वकिरण ही संस्थेची ओळख. पण त्याच वर्षी भाभांनी तिथं रेण्वीय जीवशास्त्राचा एक लहानसा विभाग सुरू केला आणि तो ओबेद सिद्दिकी नावाच्या तिशीतल्या तरुणाच्या हाती दिला. सिद्दिकी उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले. दिल्लीत ते गव्हावर काम करत होते, तेव्हा गारपिटीनं त्यांच्या प्रयोगाचं शेत झोडपून काढलं. गारपीट म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. पुढं ते ग्लासगोला गेले आणि पिकं सोडून सूक्ष्मजीवांच्या आनुवंशिकीत शिरले. भाभांना त्यांचं नाव सुचवलं लिओ झिलार्ड यांनी. अणुविभाजनाच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना पहिल्यांदा ज्यांच्या डोक्यात आली आणि जे नंतर जीवशास्त्राकडे वळले, तेच हे झिलार्ड. मुंबईत जनुकांचा अभ्यास सुरू झाला तो एका भौतिकशास्त्रज्ञानं दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला दिलेल्या सल्ल्यावर, याची मला नेहमी मौज वाटते.

सुरुवातीला तिथं जीवाणू होते. १९७० च्या दशकात सिद्दिकींचं मन चिलटांवर गेलं. अमेरिकेत, कॅलटेकमध्ये, सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड झालं की पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. मुंबईत त्यांच्याकडे आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज, मूळच्या गोव्याकडच्या घरातल्या पण जन्मानं केनियाच्या, माश्यांच्या चवीवर आणि वासावर काम करू लागल्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून बाटल्यांत ओतायचं, कापसाचा बोळा लावायचा आणि त्यात पिढ्यान् पिढ्या माश्या वाढवायच्या, हे चिलटांच्या कुठल्याही प्रयोगशाळेचं रोजचं स्वयंपाकघर. तेही आता कुलाब्यात थाटलं गेलं.

याच विभागातून १९८३ साली पीएच.डी. झालेले एक विद्यार्थी होते कृष्णस्वामी विजयराघवन. कानपूरच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले. पुढं तेही कॅलटेकला गेले आणि तिथं इलियट मायरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या वाट्याला आला तो आपला गोंद. अळीच्या लाळग्रंथीत गोंदाचं प्रथिन बनवणारी काही जनुकं असतात. ती फक्त त्याच ग्रंथीत आणि अळीच्या आयुष्यातल्या ठरावीक वेळीच जागी होतात. पायाच्या, डोळ्याच्या, आतड्याच्या पेशीतही तेच जनुक असतं, पण तिथं ते मुकं राहतं. मग या जनुकाला 'आता, इथं' हे कोण सांगतं? १९८६ साली या मंडळींनी दाखवून दिलं, की योग्य जागी आणि योग्य वेळी जागं होण्यासाठी लागणारा मजकूर जनुकाला लागूनच किंवा त्याच्या पोटात असतो. तेवढा तुकडा दुसऱ्या माशीत घातला तरी तो आपलं वेळापत्रक पाळतो.

जनुकांचं नियंत्रण समजावताना मी वर्गात आमच्या शहराच्या नळाचं उदाहरण द्यायचो. जायकवाडीचं पाणी सगळ्यांच्या पाइपातून येतं, नळ घरोघरी असतो, पण कुठल्या गल्लीत कधी पाणी सुटणार ते चावी फिरवणाऱ्या माणसावर ठरतं. मुलांना हे एका झटक्यात कळायचं. जनुक म्हणजे नळ. त्याला लागून असलेला तुकडा म्हणजे चावीची जागा. आणि ती फिरवणारा माणूस म्हणजे एखादं प्रथिन, जे स्वतःही दुसऱ्या कुठल्या तरी जनुकातूनच बनलेलं असतं.

स्नायूंच्या बाबतीत असा चावीवाला नेमका त्याच काळात सापडला आणि फार गाजला. त्याची हकिगत थोडी मागून सुरू होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर जोन्स आणि त्यांचे सहकारी उंदराच्या एका साध्या पेशीवंशाला ५-अ‍ॅझासायटिडीन हे औषध देऊन पाहत होते. या पेशी काही खास नव्हत्या. बशीत पसरायच्या, वाढायच्या, एवढंच. औषध दिल्यावर काही दिवसांनी बशीतल्या काही पेशी एकमेकींत मिसळून लांबट झाल्या आणि चक्क आकसू लागल्या. स्नायू! काही पेशी चरबीच्या झाल्या, काही कूर्चेच्या. डीएनएवर चिकटलेल्या मिथाइलच्या खुणा या औषधानं पुसल्या जातात. म्हणजे कुणीतरी लावलेली कुलुपं उघडली गेली होती.

सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातले हॅरल्ड वाइनट्राउब, अँड्र्यू लासर आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी विचारलं, की नेमकं कुठलं कुलूप उघडलं? १९८७ साली त्यांनी उत्तर छापलं. एकच जनुक, नाव मायोडी. ते साध्या पेशीत घातलं की ती पेशी स्नायूची होते. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी चरबीच्या, मज्जातंतूंच्या, रंगद्रव्याच्या पेशींवरही हाच प्रयोग केला आणि बऱ्याच ठिकाणी स्नायूची जनुकं जागी झाली. तोपर्यंत पेशीचं भवितव्य एका जनुकानं असं वळवल्याचं कुणी दाखवलं नव्हतं. वाइनट्राउब १९९५ साली, पन्नाशीही न गाठता, मेंदूच्या गाठीनं गेले. तोवर मायोडीला 'मालक जनुक' ही पदवी पक्की झाली होती.

पण मालक एकटा नव्हता. १९८९ पर्यंत त्याचे आणखी तीन भाऊबंद सापडले. १९९२ साली मायोडी काढून टाकलेले उंदीर जन्माला घातले गेले आणि त्यांचे स्नायू ठाकठीक निघाले. एका भावाची जागा दुसऱ्यानं घेतली होती. १९९३ साली मायोडी आणि त्याचा भाऊ मिफ-५ हे दोघेही काढले, तेव्हा मात्र पिल्लांच्या अंगात सांगाड्याचे स्नायूच नव्हते. आणि माशीत? माशीतही मायोडीचा एक नातेवाईक आहे. १९९० साली तो सापडला आणि त्याचं नाव ठेवलं गेलं नॉटिलस. पण तो फक्त काही मोजक्या स्नायूंत काम करतो. तो नसला तरी माशीचे बहुतेक स्नायू होतातच.

आमच्या पाठ्यपुस्तकांत मायोडीची गोष्ट दिमाखात येते आणि तिथंच संपते. एक बटण दाबलं, स्नायू तयार. माझी तक्रार तिथंच आहे. बशीत आकसणारी पेशी म्हणजे उडायचा स्नायू नव्हे. सहा आडवे, सात उभे, नेमक्या जागी, नेमक्या टोकांना बांधलेले, ही मांडणी बटणातून येत नाही. तिचा शोध कुलाब्यातल्या कोषांत चालू होता.

१९८० चं दशक संपता संपता विजयराघवन मुंबईत परतले. जॉइस फर्नांडिस या त्यांच्या विद्यार्थिनी. केंब्रिजचे मायकेल बेट हे माशीच्या गर्भातल्या स्नायूंचे जाणते अभ्यासक या कामात दोघांच्या जोडीला होते. बेट यांच्या गटानं तेव्हाच दाखवलं होतं, की अळीच्या अंगात काही पेशी अंड्यापासूनच बाजूला काढून ठेवलेल्या असतात. अळीच्या उभ्या आयुष्यात त्या स्नायू बनत नाहीत. त्यांची खूण म्हणजे ट्विस्ट नावाचं प्रथिन. छातीतल्या अशा बऱ्याचशा पेशी पंखाच्या चकतीला बिलगून असतात. ही चकती म्हणजे अळीच्या पोटात घडी घालून ठेवलेला उद्याचा पंख.

या कामात घड्याळ महत्त्वाचं. काचेवर पांढरा, अजून तपकिरी न झालेला कोष दिसला, की तो शून्य तास. ही पांढरी अवस्था जेमतेम तासभर टिकते. ओल्या कुंचल्यानं गोंद भिजवून कोष अलगद सोडवायचा, पंचवीस अंशांना ठेवायचा आणि ठरलेल्या तासाला उघडायचा. आठ तास, बारा तास, सोळा, वीस. कोषाचं कवच चिमट्यानं सोलायचं. आतला जीव या वेळी इतका मऊ असतो, की चिमटा जरा चुकला तर साईसारखा फाटतो. तो पाठीवर किंवा पोटावर उभा चिरून बारीक टाचण्यांनी पसरवायचा, धुवायचा, रंगवायचा. मी स्वतः हा उद्योग वर्गात करून पाहिलेला आहे. दहातला एक कोष धड निघाला तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा.

१९९१ साली फर्नांडिस, बेट आणि विजयराघवन यांचं काम प्रसिद्ध झालं. कोष लागताच अळीचे स्नायू विरघळू लागतात. जुनं घर पाडावं तसे. पण छातीच्या मधल्या खंडात प्रत्येक बाजूला तीन स्नायू मात्र पाडकामातून वगळले जातात. हे तीन तसेच ताणलेले उभे राहतात, आणि बाजूला काढून ठेवलेल्या पेशींचा थवा त्यांच्याभोवती जमतो. त्या पेशी जुन्या तंतूंत मिसळतात आणि मग हे तंतू लांबीच्या दिशेनं चिरत जातात. पहिल्या दिवसाच्या आत प्रत्येकाचे दोन होतात. तिनाचे सहा. आडवे सहा स्नायू असे जुन्या साच्यावर उभे राहतात. उभे सात मात्र त्याच वेळी, त्याच खोलीत, कुठल्याही साच्याशिवाय नव्यानं बांधले जातात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शहरातल्या गुलमंडीतल्या जुन्या वाड्यांची आठवण झाली. नवं बांधकाम करायचं, पण रस्त्याकडची सागवानी चौकट ठेवायची. ती चौकट ठेवली की दारं-खिडक्यांची मापं आपोआप ठरतात. माशीचंही बरंचसं असंच. फर्नांडिस पुढं अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या. तिथं हेग केशीशियन यांच्या प्रयोगशाळेत लेसरनं हे जुने तीन तंतू जाळून पाहिले गेले. तरीही आडवे स्नायू झालेच. फक्त त्यांची संख्या बिघडली, कधी कमी, कधी जास्त. म्हणजे साचा स्नायू देत नाही, हिशेब देतो. मग मज्जातंतू कापून पाहिले. उभे स्नायू, ज्यांना साचा नव्हता, ते जवळजवळ उभेच राहिले नाहीत. आडवे झाले, पण रोडावलेले. त्यांच्यासाठी पेशींची वाढही मज्जातंतू नसताना कमी पडत होती. पुढं ज्याला हलवायचं, त्या स्नायूच्या बांधकामातच तो तंतू हात लावत होता.

आता चार पंखांच्या माशीकडे. जीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात तिचं चित्र असतं. माशीला पंखांची एकच जोडी असते, छातीच्या दुसऱ्या खंडावर. तिसऱ्या खंडावर पंखांऐवजी दोन बारीक गोळे असतात. उडताना तोल सांभाळण्याचं काम त्यांचं. कॅलटेकच्या एडवर्ड लुईस यांनी काही दशकं खपून दाखवलं, की तिसऱ्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक बंद पडलं की तो खंड स्वतःला दुसरा समजू लागतो आणि गोळ्यांच्या जागी पंख फुटतात. एक जनुक गेलं आणि चार पंख आले. लुईस यांना १९९५ साली नोबेल मिळालं त्यात हे काम होतं. हे चित्र फळ्यावर काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सर, मग ती डबल जोरात उडते का?"

उडत नाही. का उडत नाही, हे फर्नांडिस, सुझन सेलनिकर, स्वतः लुईस आणि विजयराघवन यांच्या १९९४ सालच्या लेखात आहे. बाहेरून पाहिलं तर तिसरा खंड हुबेहूब दुसऱ्यासारखा. आत बघावं तर उडायचे स्नायू नीट नाहीतच. जे आहेत ते किरकोळ. कातडीनं नवी ओळख घेतली, पण स्नायूंनी ती पूर्ण उचलली नाही. पंखासारखा दिसणारा पंख आला, पण त्याला हलवणारं कुणी घरात नाही. मला वाटतं, चार पंखांच्या चित्राशेजारी हा उघडलेला रिकामा खंडही छापायला हवा.

मग स्नायूला आपली जागा कळते कुठून? १९९७ साली सुदीप्तो रॉय, एल. एस. शशिधरा आणि विजयराघवन यांनी उलट बाजूनं पाहिलं. उत्तर असं आलं, की दुसऱ्या खंडातल्या स्नायूंची मांडणी स्नायूंच्या स्वतःच्या अशा ओळख-जनुकावर अवलंबून नसते. मांडणीची बातमी आजूबाजूच्या कातडीकडून येते. पुढं २००१ साली याच गटाचं आणि ब्रिटनमधल्या हेलन स्केर यांचं एकत्रित काम आलं. पंखाच्या चकतीतली कातडी विंगलेस नावाचा रेणू सोडते. जवळच्या स्नायूपेशींना तो मिळतो आणि त्यांच्यात व्हेस्टिजिअल हे जनुक चालू राहतं. त्या छातीतले मोठे स्नायू होतात. दूरच्या पेशींत वेगळं प्रथिन वरचढ ठरतं आणि त्या पंखाच्या मुळाशी असणारे, पंख वळवणारे लहान स्नायू होतात. आमच्या शहराच्या भाषेत सांगायचं, तर चावीवाला आहे, पण कुठली चावी कधी फिरवायची हे त्याला गल्लीच सांगते.

आणि वेळ. १९९८ साली शांती अनंत, रॉय आणि विजयराघवन यांनी ट्विस्टबद्दल एक उलटी गोष्ट दाखवली. गर्भात हेच ट्विस्ट स्नायू घडवायला लागतं. कोषात मात्र ते जोवर टिकून आहे तोवर स्नायू घडतच नाही. त्याचं काम नॉच या दुसऱ्या जनुकाच्या सोबतीनं पेशींना थोपवून धरण्याचं असतं. थवा पुरेसा जमेपर्यंत कुणीही घाई करायची नाही. मग ट्विस्ट ओसरतं आणि पेशी एकमेकींत मिसळू लागतात. जनुक तेच, पण एका वयात ढकलतं, दुसऱ्या वयात आवरतं. म्हणूनच मला 'मालक जनुक' हा शब्द खुपतो. घरातली वडीलधारी माणसं जास्त चांगलं उदाहरण ठरतील.

१९९० चं दशक सुरू झालं तेव्हा सिद्दिकी आणि विजयराघवन मुंबई सोडून बंगळूरला गेले. सिद्दिकींनी तिथं टाटा संस्थेचंच एक नवं केंद्र, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, उभं केलं. विजयराघवन १९९६ पासून २०१३ पर्यंत त्याचे संचालक होते, पुढं दिल्लीत जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव आणि मग सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. सिद्दिकी २०१३ च्या जुलैत बंगळूरमध्ये अपघातानंतर गेले. रॉड्रिग्ज त्यांच्याही आधी, २०१० साली. कुलाब्यात आजही माश्यांच्या बाटल्या आहेत. पण उडायच्या स्नायूंची गोष्ट दक्षिणेत गेली.

तिथं तिला दोन चांगली प्रकरणं जोडली गेली. २०१४ साली राजेश गुनगे, हाइन्रिख राइशर्ट आणि विजयराघवन यांनी छातीतल्या त्या थव्याचा हिशेब लावला. गर्भात छातीच्या प्रत्येक खंडाला सारख्याच, मोजक्या पेशी वाटून दिलेल्या असतात. पंखाच्या चकतीला बिलगलेल्या पेशींचीच मात्र एवढी वाढ होते, की त्या अडीच हजारांच्या वर जातात. आधी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी सरळ वाढ. मग एक वेगळी चाल, ज्यात पेशी स्वतःला राखते आणि दुसरी स्नायूसाठी देते. मूळपेशी जसं करतात तसंच. ही चाल कधी बदलायची तेही कातडीच सांगते, त्याच विंगलेसनं आणि नॉचला चालना देणाऱ्या आणखी एका रेणूनं. २०१७ साली धनंजय चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोठ्या माशीच्या उडायच्या स्नायूंच्या कडेला काही पेशी तशाच राखून ठेवलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात.

आपल्या स्नायूंतही अशा पेशी असतात. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांना उपग्रह पेशी म्हटलं, कारण त्या तंतूच्या कडेला चंद्रासारख्या चिकटून असतात. माशीतही त्या आहेत, हे कळायला ५६ वर्षं जावी लागली. आणि या पेशी वर्षानुवर्षं निवांत कशा राहतात, या प्रश्नावर आपल्या जवळच, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत, ज्योत्स्ना धवन यांचं काम आहे. मराठवाड्याच्या जुन्या पिढीसाठी हैदराबाद म्हणजे शेजारच नव्हे, राजधानी. धवन यांच्या प्रयोगांतली एक युक्ती मला फार आवडते. उंदराच्या स्नायूपेशी बशीला चिकटून न ठेवता घट्ट, चिकट द्रवात तरंगत्या ठेवायच्या. आधार सुटला की पेशी विभागणं थांबवतात आणि मायोडीही खाली जातं. पुन्हा बशीवर टेकवल्या की जाग्या होतात. इथंही मालकाला पाय ठेवायला जमीन लागते.

ज्यांना हे सगळं केवळ माश्यांचं कौतुक वाटेल, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. मायोडी सापडलं त्याच १९८७ साली डिस्ट्रोफिन हे प्रथिनही ओळखलं गेलं. ते नसलं की मुलांना डुशेन हा आजार होतो. चालणारी, पळणारी मुलं हळूहळू चाकाच्या खुर्चीला बांधली जातात. त्यांच्या स्नायूंना सतत इजा होत राहते आणि उपग्रह पेशी दुरुस्ती करत राहतात, वर्षामागून वर्षं. शेवटी तीही पुरी पडत नाही. राखून ठेवलेल्या पेशी कधी जागवायच्या आणि कधी झोपू द्यायच्या, हे त्या मुलांच्या आयांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

या हंगामातली बरणी अजून खिडकीत आहे. काल रात्री भिंग लावून पाहिलं. काचेवर चौदा कोष. त्यातल्या नऊंत कवचाच्या आडून डोळे तांबडे दिसतात आणि बाजूला पंखांची काळपट घडी आली आहे, म्हणजे आडवे सहा आणि उभे सात केव्हाच तयार होऊन बसलेत. दोन कोष अगदी काल संध्याकाळचे, फिकट पिवळे. त्यांच्यात या घडीला अळीचे स्नायू विरघळताहेत आणि तीन-तीन तंतू वगळले गेलेत. बाकीचे तीन मधले. फडक्याची गाठ सैल झाली आहे. ती आत्ताच बांधून घेतो, नाहीतर उद्या चहात चिलटं पडतील आणि मला बोलणी खावी लागतील.